तीस हजार एकतीसवं बटण

…आणि म्हणूनच त्या बटणांच्या कारखान्यातून शंभर वर्षांत अर्धी ओळ कधी दाराबाहेर पडली नाही. काल एवढ्यावर आलो होतो आणि चहा आला, मग गोष्ट राहिली बाजूला आणि बिस्किटं मऊ का पडतात यावरच तास गेला. असो. काल जे नव्हते त्यांच्यासाठी अर्धी ओळ म्हणजे काय ते पुन्हा एकदा नीट सांगायला हवं, कारण आत्याचं पुढचं सगळं भांडण त्या अर्ध्या ओळीवरूनच पेटलं.

कारखान्याच्या पॅकिंगच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबलं होती, आणि टेबलांवर लाकडी फळ्या. फळीला एका रांगेत खाचा, एका खाचेत एक बटण. कुठल्या फळीला सहा खाचा, कुठल्या फळीला सतरा, कुठल्या फळीला एकेचाळीस. शंभर वर्षांत गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येऊन गेली. कुणाला कोटाची बटणं साताच्या ओळीत हवीत, कुणाला उशीच्या अभ्र्याची तेराच्या. सुतार दर वेळी नवी फळी करून द्यायचा आणि जुनी फेकायची कुणाची छाती व्हायची नाही. असं होता होता दोनापासून पन्नासपर्यंत प्रत्येक आकड्याची फळी त्या खोलीत जमा झाली. बटणांचा लॉट आला की त्याला साजेशी फळी काढायची, भरायची, पुठ्ठ्यावर पालथी घालायची, की ओळीखाली ओळ बसत जायची. शेवटची ओळही पहिलीइतकीच भरलेली हवी. एक जरी खाच रिकामी राहिली तर ती अर्धी ओळ, आणि तो लॉट परत. गिऱ्हाइकाची नजर आधी रिकाम्या जागेवर जाते, आणि रिकामी जागा दिसली की त्याला चोर दिसतो, असं त्या खोलीचं म्हणणं.

या खोलीची मुखत्यार म्हणजे आत्या. सख्खा भाचा तिला एकच, पण अख्खा कारखाना तिला आत्या म्हणायचा, तिच्याहून थोरले म्हातारेसुद्धा. लॉटचा आकडा कानावर पडला की आत्या क्षणभर छताकडे बघायची आणि सांगायची, “एकोणीसची काढा.” की एकोणीसच्या फळीने सगळा लॉट गिळलाच म्हणून समजा. यात जादू काही नव्हती. तिचा हिशेब साधा होता. दोनाच्या फळीने नाही म्हटलं की चाराच्या, सहाच्या, आठाच्या फळीला विचारायलाच नको, ती सगळी दोनाची पोरंबाळं. तिनाच्या फळीने हात वर केले की नवाची आणि पंधराची आपोआप गप्प. अशा मूळच्या म्हणाव्या अशा फळ्या पन्नासच्या आत थोड्याच, त्यांना विचारलं की काम झालं. आणि त्यांच्यातल्या एकीनेही लॉट घेतला नाही तर आत्या तो आकडा “अडेल” म्हणून जाहीर करायची. शाळेतले लोक त्याला मूळ संख्या म्हणतात. पॅकिंगच्या खोलीत तो अडेल. अडेल लॉट साच्याच्या खोलीत परत जायचा, “एक वाढवून आणा नाहीतर एक काढून घ्या” असा निरोप घेऊन, आणि साच्याचे लोक दातओठ खाऊन एक वाढवून आणायचे.

आत्याच्या स्वभावाचं म्हणाल तर राग हा तिच्याकडे कायम शिजत ठेवलेला असायचा, फक्त झाकण उचलायचा अवकाश. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते मागे पडतं असं लक्षात आल्यावर ती ते काखेत मारून ऑफिसात गेली, साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, जन्मभर वेळेवर आलेल्या बाईला आता उशीर करायला शिकवता का? साहेबांनी दुसरं दिलं. ते पुढे जायचं. तेही परत आलं.

तर ही आत्या निवृत्त होऊन भाच्याच्या घरी दोन खोल्यांत राहत होती, आणि भाचा त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होता. भाचेसून पडद्यांच्या दुकानासाठी घरी शिवण करायची. एका संध्याकाळी भाचा कामावरून आला, बूट काढता काढता त्याने सहज विचारलं की आत्या, तीस हजार एकतीसला कुठली फळी लागेल?

आत्या मटार सोलत होती. तिने शेंग खाली ठेवली, छताकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा खुलला की भाचेसुनेने शिवणयंत्र थांबवलं. आत्या म्हणाली, अरे, हा तर आकड्यांमधला पठ्ठ्या आहे. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, या सहा फळ्यांचा एकमेकींशी गुणाकार कर. तीस हजार तीस येतात. म्हणजे तीस हजार तीस बटणं या सहांपैकी कुठल्याही फळीवर घाल, पुरी बसतात, आणि त्यांची पोरंबाळं म्हणजे सहाची, दहाची, चौदाची, तेहतीसची, बेचाळीसची, त्याही खूश. इतका मनमिळाऊ आकडा दुसरा नाही. आणि तुझा हा त्याच्या डोक्यावर एक. म्हणजे काय झालं? सगळ्या पंगती भरल्या, आणि प्रत्येक पंगतीपाशी एकच पाहुणा उभा राहिला. दोनाच्या ओळीत बसवा, एक उरतो. तेराच्या ओळीत बसवा, एक उरतो. सहाही जणींना त्याने एकाच वेळी तोंडघशी पाडलं.

मग राहिलेल्या फळ्यांना तिने एकेक करून बोलावलं. सतराच्या सतराशे सहासष्ट ओळी म्हणजे तीस हजार बावीस, उरले नऊ. एकोणीसला अकरा उरतात. तेवीस आणि एकोणतीस या दोघींकडे सोळा सोळा. असं करत ती सत्तेचाळीसपर्यंत गेली. तिथे शेवटची ओळ भरायला दोनच बटणं कमी पडत होती, तेव्हा तिने हळहळून चक् केलं. “अडेल,” ती म्हणाली. “आणि साधासुधा नाही, अडेलांचा म्होरक्या. कुणाचा आहे हा लॉट?”

भाच्याने सांगितलं की लॉट नाही, माणसं आहेत. कारखान्याला शंभर वर्षं झाली म्हणून दर्शनी भिंतीवर बटणांचा मोठा फलक करायचा आहे. आजवर ज्याचं ज्याचं नाव हजेरीवर चढलं, त्या प्रत्येकाचं एक बटण. हंगामाला येऊन गेलेले धरून तीस हजार एकतीस माणसं भरली. साहेबांनी मुद्दाम सांगितलंय, आत्याबाईंना विचारून या, अर्धी ओळ नको.

आत्याला कोण आनंद झाला. शंभर वर्षांच्या माणसांनी मिळून असा अडेल आकडा केला, याचंच तिला कौतुक. शेजारणीला बोलावून तिने सगळं पुन्हा सांगितलं. शेजारीण सारखी मान हलवत होती, तिला ओव्हनमध्ये ठेवलेलं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी भाचा घरी आला तो थेट आत जाऊन अंघोळीला बसला. बाहेर येईना. भाचेसुनेने दार वाजवलं, मग दटावलं, मग नळच बंद केला, तेव्हा तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि भिंतीकडे तोंड करून बोलला. आत्यानेच अडेल म्हटल्यावर साहेबांनी एक कमी करायचं ठरवलं. तीस हजार तीस झाले की काम सोपं. एकशे ब्याऐंशीच्या एकशे पासष्ट ओळी, जवळजवळ चौकोन, दर्शनी भिंतीवर बेतल्यासारखा बसतो. चित्रकाराने तसं रेखाटनही केलं. राहता राहिलं, कुणाला कमी करायचं. तर ज्याने सगळ्यात कमी काम केलं त्याला. आणि सगळ्यात कमी काम केलेलं माणूस म्हणजे…

आत्याला कळलं होतं.

आत्याला एक धाकटी बहीण होती. कारखान्याला हंगाम लागला की फाटकापाशी जो उभा राहील त्याला आत घ्यायचे. आत्याच तिला घेऊन गेली. धाकटीच्या चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून आत्याने आपल्या चपला तिला दिल्या, त्या तिला मोठ्या व्हायच्या, आणि ती सबंध रस्ताभर फटक फटक वाजवत, मुद्दाम वाजवत, हसत गेली. तिला रंगाच्या खोलीत लावलं. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती बाहेरून पेट्या रचून बंद झालेली. जेवणाचा भोंगा व्हायच्या आत धाकटी उंबऱ्यावर कोसळली. पेट्या न्यायच्या हातगाडीवरून तिला घरी आणली. आठवडा काढला नाही तिने. तेव्हाचं ऑफिस काय म्हणालं असेल? म्हणालं, मुलीचा अर्धा दिवससुद्धा भरला नव्हता, तेव्हा ती कारखान्याची कामगार झालीच नाही, आणि कामगार झाली नाही तर कारखान्यात काही घडलंच नाही. आत्या तेव्हा कोवळी पोर. ती फाटकाबाहेर जाऊन बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसली. हाकललं की पलीकडच्या फुटपाथवरून सांगायची. ऑफिसने भरपाईचं पाकीट पुढे केलं, ते तिने घेतलं नाही. शेवटी कंटाळून त्यांनी धाकटीचं नाव हजेरीवर चढवलं, तेव्हा आत्या उठली, आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेली, त्याच पॅकिंगच्या खोलीत. बहिणीचं असं जगात तेवढंच राहिलं होतं, ते चढलेलं नाव.

आणि आता ते कमी करायचं होतं, कारण आत्या म्हणाली होती, अडेल.

ती चपला घालून निघाली तेव्हा भाचा म्हणाला, आत्या, मी उद्या शांतपणे बोलतो. ती म्हणाली, तू कपडे घाल.

साहेब सभ्य माणूस. हीच तर पंचाईत. आरडाओरडा करणाऱ्याशी आत्याचं चांगलं जमायचं, पण साहेब उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं, आणि अशा मऊ आवाजात बोलायला लागले की रागाला पाय ठेवायला जागा मिळेना. त्यांना फार वाईट वाटत होतं. यात कुणाचा अपमान नव्हता. पण एकूण तीस हजारांत एक म्हणजे डोळ्यालाही दिसत नाही.

आत्या म्हणाली की डोळ्याला दिसत नाही तर मग तुमचं स्वतःचं काढा.

चित्रकार तिथेच होता, केस वाढवलेला, भला पोरगा. त्याने मधला मार्ग काढला. फलकाच्या खाली मधोमध एक वेगळी चौकट करू आणि तिच्यात ते एक बटण, खास मान म्हणून. आत्याने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने पेन्सिल खिशात ठेवली. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारखी उभी करता का तिला, तिने विचारलं. सगळे आत, आणि ती एकटी दाराबाहेर, आणि वर म्हणायचं हा मान आहे. मरतानाही उंबऱ्यावरच पडली होती ती.

मग साहेबांनी दुसरं सुचवलं. आणखी एक ओळ घालू. तिच्यात पहिलं बटण धाकटीचं, बाकीची कोरी, म्हणजे ओळही पुरी होईल. आत्याने हिशेब केला. एकशे ब्याऐंशीच्या ओळीत एक खरं, म्हणजे एकशे एक्याऐंशी खोटी. एका झालेल्या मुलीला जागा द्यायला एकशे एक्याऐंशी न झालेली माणसं जन्माला घालायची, हे तिला पटणारं नव्हतं. आणि उद्या कुणी विचारलं ही कोण कोण, तर काय सांगणार? धाकटीसुद्धा त्या कोऱ्यांतलीच एक वाटेल.

“मग अर्धी ओळच ठेवू या का?” साहेबांनी विचारलं, आणि हे विचारताना त्यांचा आवाज सगळ्यात मऊ होता. “आत्याबाई, नियम तुमचा आहे. अडेल असंही तुम्हीच सांगितलंत. मी तर तुमच्याच शब्दावर चाललोय.”

जन्मात पहिल्यांदा आत्या न भांडता उठली आणि आलेलं पाणी न पिता बाहेर पडली. रस्त्याने तिचं तोंड चालूच होतं. साहेबांना शिव्या, चित्रकाराच्या केसांना शिव्या, शंभर वर्षांना शिव्या. पण आतून तिला खरा संताप आला होता तो स्वतःच्या जिभेचा. मटार सोलत बसलेल्या एका बाईने कौतुकाने छताकडे बघून एक शब्द उच्चारला, आणि फुटपाथवर बसून मिळवलेलं नाव गेलं.

घरी भाचेसून एक लांबलचक पडदा पलंगावर, खुर्चीवर, अर्धा जमिनीवर पसरून त्याची किनार दुमडत होती. या दोघींचं पटायचं ते भांडून. आत्याने घडलेलं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की सगळ्या फळ्यांना विचारलं ग, एकीनेही हो म्हटलं नाही, आता कुठल्या तोंडाने भांडू.

भाचेसुनेच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने दातांतून विचारलं की सगळ्या म्हणजे कुठपर्यंत.

पन्नासपर्यंत, आत्या म्हणाली.

पन्नासच्या पुढे का नाही?

पुढे फळ्याच नाहीत.

का नाहीत?

आत्या चिडून म्हणाली की कशा असतील, टेबल तेवढंच रुंद आहे, त्याहून लांब फळी केली तर जाणाऱ्यायेणाऱ्याच्या पोटात लागेल.

भाचेसुनेने टाचण्या काढून हातात घेतल्या. “म्हणजे आत्या, तुमच्या बहिणीला नाही म्हटलं ते टेबलाने?”

आत्याने हळूच पलंगावरचा पडदा बाजूला सारला आणि बसली. छताकडे पाहिलं. एक्कावन्न ही तिनाची आणि सतराची, दोघींनीही आधीच नाही म्हटलेलं. बावन्न दोनाची. त्रेपन्न मात्र स्वतंत्र, कुणाची कुणी नाही. त्रेपन्नच्या पाचशे सहासष्ट ओळी, एकोणतीस हजार नऊशे अठ्ठ्याण्णव, उरले तेहतीस. चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, सगळी कुणाची ना कुणाची पोरंबाळं. एकोणसाठ पुन्हा स्वतंत्र. एकोणसाठच्या पाचशे ओळी म्हणजे साडेएकोणतीस हजार. उरले पाचशे एकतीस. साठ नव्वे पाचशे चाळीस, त्यातून नऊ काढले की…

आत्याचे ओठ हलायचे थांबले.

“पाचशे एकतीस,” भाचेसून म्हणाली. तीही मनात गुणत होती.

पन्नासच्या पुढे दुसऱ्याच खऱ्या दारावर टकटक केली आणि दार उघडलं. एकोणसाठच्या पाचशे नऊ ओळी, ना एक कमी ना एक जास्त. अडेलांचा म्होरक्या म्हणून जिचं कौतुक शेजारणीला ऐकवलं होतं, ती संख्या चांगली दोघांत वाटली जात होती.

आता आत्याला आनंद व्हायला हवा होता. पण ती भडकलीच. आधी त्या टेबल करणाऱ्या सुतारावर, जो केव्हाच वर गेला होता. हातभर आणखी लाकूड घालायला काय झालं होतं मेल्याला? आणि मग तिच्या चेहऱ्यावर भाचेसुनेने कधी न पाहिलेली भीती आली. म्हणजे जन्मभर आपण जे लॉट अडेल म्हणून परत पाठवले, तेही असेच कुठल्यातरी मोठ्या फळीने गेले असते की काय? साच्याचे लोक दातओठ खायचे ते बरोबरच होते की काय?

भाचेसुनेने विचारलं, लॉट केवढाले असायचे? आत्या म्हणाली, मोठ्यात मोठा दोन हजारांचा, टोपलीच तेवढी होती. मग भाचेसुनेने पडद्याचा कोपरा उचलला आणि त्याच्यावर बोटाने दाखवलं. कापड दोन हजारांचं असेल तर त्याच्या दोन्ही बाजू पन्नासच्या वर कशा जातील? पन्नास पन्नासचा तुकडाच अडीच हजारांचा होतो. एक बाजू पन्नासच्या पुढे गेली की दुसरीला पन्नासच्या आत यावंच लागतं, आणि आत आली की ती तुमच्या फळीत सापडलीच. तेव्हा टोपलीपुरता तुमचा शब्द खराच होता. कापड तीस हजारांचं झालं तेव्हा मात्र दोन्ही बाजू पन्नास ओलांडून निघून गेल्या आणि तुमच्या फळ्या बघत राहिल्या.

आत्याने हे मनात उलटसुलट करून पाहिलं. तीस हजारांना मग किती दूर जायला हवं होतं? एकशे त्र्याहत्तरपर्यंत, कारण एकशे चौऱ्याहत्तर गुणिले एकशे चौऱ्याहत्तर तीस हजारांच्या पार जातात. एवढं चालायचं होतं आणि आपण पन्नासवर बसकण मारून निकाल दिला. “चुकलेच मी,” ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, आणि लगेच दुसऱ्या आवाजात भाचेसुनेला म्हणाली की तुझी ती मोजायची टेप घे, आणि तोंडातल्या टाचण्या सगळ्या काढल्यास ना ते बघ.

दोघी कारखान्यात गेल्या. भाचा वाटेत स्टोअरच्या खिडकीतून दिसला, त्यांना पाहून तो कपाटामागे झाला.

साहेबांनी गुणाकार स्वतः केला. दोनदा केला. बरोबर आला तेव्हा त्यांना मनापासून बरं वाटलं, हे सांगायला हवं, माणूस वाईट नव्हता. चित्रकार तर खुर्चीतून उठलाच. पण रेखाटन करायला बसला आणि त्याचा चेहरा पडला. एकोणसाठ बटणांची उंची म्हणजे माणसाच्या छातीइतकी, आणि पाचशे नऊची लांबी म्हणजे एखादी बस उभी राहील एवढी. दर्शनी भिंतीवर ही पट्टी निम्मीसुद्धा मावत नव्हती. साहेबांनी विचारलं, थोडी आखूड करून जरा उंच करता येणार नाही का? म्हणजे मोजणी हीच, आकार वेगळा.

नाही, आत्या म्हणाली. एकोणसाठही अडेल आणि पाचशे नऊही अडेल. या वेळी शेवटपर्यंत जाऊन पाहिलं होतं तिने. पाचशे नऊला तेविसापर्यंतच विचारायचं असतं, कारण तेवीस तेवीस पाचशे एकोणतीस. तेव्हा या आकड्याची बसायची रीत एकच. दुसरा चौकोन त्याला देवाने दिलेलाच नाही.

मग भिंत शोधणं आलं. सगळे मिळून टेप घेऊन फिरले. जेवणाच्या खोलीची भिंत खिडक्यांनी तोडलेली. गोदामाची ओलसर. अख्ख्या कारखान्यात एवढी लांब, सलग, कोरडी भिंत एकच निघाली, फाटकातून आत आल्यावर ऑफिसकडे जाणाऱ्या बोळाची. भाचेसुनेने एका टोकाला टेप धरली, चित्रकार दुसऱ्या टोकाला गेला आणि त्याने तिथून हात वर केला. बसत होती. टोकाला वीतभर जागाही उरत होती.

फक्त त्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या मालकांच्या तसबिरी होत्या, सोनेरी चौकटींच्या, पणजोबांपासून नातवापर्यंत, मिशा कमी कमी होत गेलेल्या. साहेबांनी त्या रांगेकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, रुमालाने कपाळ पुसलं. सोहळ्याला मालक स्वतः येणार होते. ते याच बोळातून आत येणार होते. साहेबांनी आवाज होता नव्हता तेवढा मऊ केला आणि विचारलं, “पण आत्याबाई, इथे तुमची माणसं लावली तर मालकांना कुठे लावू?”

आत्या म्हणाली, “साहेब, मालक खिळ्यावर आहेत, त्यांना कुठल्याही भिंतीवर लावा, ते मालकच दिसतील. माझी धाकटी या एकाच भिंतीवर मावते. दुसरीकडे कुठेही न्यायला गेलात की तीच उरते, आणि तिला एकदा उरवलीय तुम्ही लोकांनी. तेव्हा खिळे उपटायला माणूस तुम्ही बोलावता, की मी माझा हातोडा घेऊन येऊ, तेवढं सांगा.”